रोजचा हयातीचा दाखला

धम्मानंद गजभिये यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एक काम ढगात ठेवायचं ठरवलं, तेव्हा समोरच्या घरातले शालिकराम एवढंच म्हणाले, "काहून? जमिनीवर जागा नाई राह्यली का?"

शालिकराम कळमेश्वरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असे. नसलंच, तर दुपारच्या चहापर्यंत तयार होई. धम्मानंद स्वतः मौद्याच्या वीज केंद्रातून, कंट्रोल रूममधून, तीन वर्षांपूर्वी घरी आले होते. लाल दिवा, हिरवा दिवा, आणि पाळी संपली की रजिस्टरमध्ये नोंद करून पुढच्याला चार्ज द्यायचा, यात त्यांची उमर गेली. घरी आल्यावरही सवय सुटली नाही. फ्रिजवर एक रजिस्टर असे. त्यात सिलिंडर लावल्याची तारीख, टाकी भरल्याची वेळ, शेरा "सर्व सामान्य", आणि शेवटी चार्ज घेणाऱ्याचा रकाना. त्या रकान्यात कौसल्या, म्हणजे त्यांची बायको, सही करत असे, बहुतेक वेळा कणकेच्या बोटांनी. नवऱ्याचं वेड म्हणून ती हसायची, पण सही चुकवायची नाही. एप्रिलपासून तो रकाना कोरा होता.

अशा माणसाला त्याची मुलगी दीक्षा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर समजावत होती की बाबा, क्लाउडवर, म्हणजे ढगात, तुमचं मशीन नको, सर्व्हर नको, काही नको, तरी काम होईल.

"सर्व्हर नाई म्हंजे?" धम्मानंदांनी चष्मा कपाळावर नेला.

"असतो कुठंतरी, पण तो आपला नसतो, सांभाळायचाही नसतो. आपण फक्त काम लिहून द्यायचं. त्याला फंक्शन म्हणतात. वेळ झाली की ते जागं होतं, काम करतं, परत झोपी जातं."

"म्हंजे कुठंतरी बॉयलर हायेच."

"हाव बाबा, हाय कुठंतरी."

"मंग तसं सांग ना. बॉयलरच नाई म्हणू नको."

आता हे काम काय होतं, ते सांगायला हवं. कौसल्या रोज सकाळी साडेसहाला नागपुरातल्या मिलिंद ले-आउट या वसाहतीतल्या चार एकट्या माणसांना मिस्ड कॉल देत असे. दोन रिंगा वाजल्या की कापायचा. समोरच्याने उचलायचा नाही. त्याने उलट दोन रिंगा द्यायच्या आणि कापायचा. जाणाऱ्या रिंगांचा अर्थ "उठले का?" आणि परतीच्या रिंगांचा अर्थ "उठलो, जिवंत हाय." ज्याची परतीची रिंग आली नाही, त्याच्या दारात कौसल्या सातच्या आत उभी. पेन्शनरांना वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. कौसल्या तो रोज घेत होती, आणि तिला ना फॉर्म लागत होता ना शिक्का.

ही रीत मुळात धम्मानंदांसाठी सुरू झाली होती. ते मौद्याला पाळीवर असले की सकाळी साडेसहाला तिच्या दोन रिंगा येत आणि हे बॉयलरच्या घरघरीत उभं राहून परतीच्या दोन देत. तिच्या छोट्या वहीत त्यामुळे पहिलं नाव त्यांचंच होतं: "हे, मौदा". त्याखाली एकेक वाढत गेलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या शहात्तर वर्षांच्या पार्वतीबाई, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर नत्थूजी, शाळेतून निवृत्त झालेल्या शोभाताई, आणि ऐंशी पार केलेले भैय्याजी, ज्यांना रिंग ऐकू येत नसल्याने ते फोन सदऱ्याच्या खिशात थरथरीवर ठेवत. धम्मानंद निवृत्त झाले त्या दिवशी तिने पहिल्या नावावर एक बारीक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "घरी आले."

पंधरा एप्रिलच्या सकाळी धम्मानंद सहाला उठले. आदल्या दिवशी चौदा एप्रिल. घरात दिवसभर येणं-जाणं, संध्याकाळी मिरवणूक. कौसल्या दमली असेल, झोपू द्यावं, असा विचार करून ते व्हरांड्यात पेपर घेऊन बसले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचला. चहा अजून कसा आला नाही, असं मनात दोनदा आलं. पावणेसातला फाटक वाजलं. पार्वतीबाई उभ्या होत्या, मागे नत्थूजी, आणि गल्लीच्या टोकाकडून शोभाताई भैय्याजींचा हात धरून येत होत्या.

"कौसल्या कुठी हाय गा?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"झोपली हाय ना," धम्मानंद म्हणाले. "मी चहाची वाट पाहून राहिलो."

पार्वतीबाई त्यांच्या बाजूने आत गेल्या. कौसल्या रात्रीच कधीतरी गेली होती. चार घरांना फोन न वाजल्यावरून ते कळलं, आणि ज्याच्या घरात ती होती तो बातम्या वाचत होता. हे धम्मानंदांनी कोणालाही बोलून दाखवलं नाही, दीक्षालाही नाही. पण रोज सकाळी साडेसहाला त्यांना ते आठवे, आणि आठवलं की लाज वाटे. आयुष्यभर ज्याने हजार दिव्यांवर नजर ठेवली, त्याला आपल्या घरातला एक दिवा विझलेला दिसला नाही. कौसल्याचं काम बंद पडू द्यायचं नाही, आणि ते आपल्यासारख्या माणसाच्या नजरेवर तर अजिबात सोडायचं नाही, असं त्यांनी महिना संपायच्या आत ठरवलं.

"मी अर्ध्या तासात करून देते," दीक्षा म्हणाली.

"तू नाई. मीच करीन," धम्मानंद म्हणाले, आणि पुढचे सात आठवडे ते करत राहिले.

पहिला अडथळा सरकारी होता. ढगातून फोन लावायला भाड्याचा नंबर लागतो आणि नंबर हवा तर फॉर्म भरावा लागतो. फॉर्ममध्ये "आस्थापनेचे नाव" होतं. धम्मानंदांनी प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं. "वापराचा उद्देश" होता. तिथे त्यांनी लिहिलं, "माणसे जिवंत आहेत का ते पाहणे." फॉर्म दोन दिवसांत परत आला: उद्देश स्पष्ट नाही. धम्मानंदांना अपमान वाटला, कारण याहून स्पष्ट उद्देश त्यांच्या पाहण्यात नव्हता. शालिकरामांनी मात्र फॉर्म हातात घेऊन बाह्या सरसावल्या. तीस वर्षांचं ज्ञान गंजत पडलं होतं, त्याला आज हाक आली होती.

"असं लिहितेत का कोनी?" ते म्हणाले. "लिहा. 'ज्येष्ठ नागरिक दैनंदिन हयात पडताळणी योजना.' आस्थापना: 'मिलिंद ले-आउट समन्वय समिती.'"

"अशी समिती कुठी हाय?"

"आपन दोघं बसलो ना आता? झाली." मग त्यांनी पानाच्या डावीकडे चार बोटं समास सोडायला लावला. फॉर्म संगणकावर होता, तरीही.

फॉर्म मंजूर झाला. पण शालिकरामांचा खरा विजय पुढे होता. दीक्षाने वडिलांना एक साधं साधन दिलं होतं, मेक नावाचं. एका फाइलमध्ये पायऱ्या क्रमाने लिहायच्या, वर त्यांना नाव द्यायचं, आणि मग ते एक नाव टाइप केलं की सगळ्या पायऱ्या आपोआप पार पडतात: काम तपासणं, बांधणं, ढगात पाठवणं. धम्मानंदांना हे एकदम पटलं. युनिट चालू करताना भिंतीवरच्या यादीतली एकही ओळ गाळायची नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी पायऱ्यांना मराठीच नावं दिली. "तपास", "चालू" आणि "साफ". "साफ" म्हणजे लॅपटॉपवर साचलेला फाइलींचा कचरा पुसणं. फक्त काही केल्या "चालू" चालेना. तीन दिवस त्यांनी डोकेफोड केली. शेवटी दीक्षाने सांगितलं की पायरीच्या ओळीआधी टॅबच हवा, नुसती मोकळी जागा सोडून चालत नाही.

"समास!" शालिकराम खुर्चीतून उठले. "मी काय म्हणून राहिलो होतो? समास चुकला का फाइल वापस! ढगात असो का तहसिलीत असो!" त्या आठवड्यात त्यांनी ही हकिगत ले-आउटभर सांगितली.

चाचणी यशस्वी झाल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही, असा वीज केंद्राचा नियम. म्हणून धम्मानंदांनी चौघांपैकी कोणालाही कल्पना दिली नाही. पहिल्या दिवशी ते सव्वासहापासून रजिस्टर उघडून बसले. साडेसहा वाजले. काही नाही. सात वाजले. काही नाही. त्यांनी शेरा लिहिला, "प्रतिसाद शून्य", आंघोळ केली, भाजी आणली, आणि बरोबर बारा वाजता दोन घरांपलीकडून पार्वतीबाईंचा फोन वाजलेला त्यांना ऐकू आला. तो थांबला. पुन्हा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

झालं असं होतं की ढगातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं, त्यामुळे तिथले साडेसहा म्हणजे आपले बारा. पण तो लहान गुन्हा. मोठा गुन्हा असा की न उचललेला फोन म्हणजे फसलेला फोन, अशी त्या ढगवाल्यांची समजूत. काम फसलं तर पुन्हा करायचं, पुन्हा फसलं तर पुन्हा, हा त्यांचा मेहनती स्वभाव. न उचलणं हेच इथे उत्तर असतं, फोन उचलला तरच काहीतरी बिघडलं, हे त्यांना नागपुरातून कोणी कळवलं नव्हतं. आणि मिस्ड कॉलवर सगळा संसार केलेल्या धम्मानंदांना, ही गोष्ट कोणाला सांगावी लागते, हेच सुचलं नव्हतं.

पार्वतीबाईंना अकरा वेळा फोन आला. शोभाताई बँकेच्या रांगेत होत्या. त्यांना नऊ वेळा आला आणि रांगेतल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. भैय्याजींच्या खिशात छातीपाशी इतकी थरथर सुरू झाली की ते रिक्षा करून दवाखान्यात पोचले. तिथे कार्डिओग्राम उत्तम निघाला आणि फोन अजून थरथरत होता. नत्थूजींनी चौथ्या वेळी उचलला आणि एस.टी.च्या नोकरीत जमवलेल्या सगळ्या शिव्या एका दमात दिल्या. पलीकडे शांतता. पण फोन उचलला गेल्यामुळे काम यशस्वी झालं, असं यंत्राने धरलं आणि नत्थूजींना पुन्हा त्रास दिला नाही.

संध्याकाळी हवालदार आले. शोभाताईंनी तक्रार दिली होती आणि नंबर धम्मानंदांच्या नावावर निघाला होता. फाटकात बुलेट उभी राहिल्यावर गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ज्या माणसाला मौद्याला साहेब लोकही "गजभियेजी" म्हणत, त्याला हवालदाराने भर व्हरांड्यात विचारलं, "काका, तुमी म्हाताऱ्या बायांले फोन लावून बोलत काऊन नाई?"

"ते मी नाई लावत. फंक्शन लावते."

"ते कुठी हाय? बोलवा त्याले."

"ते आता झोपलं असंल."

शालिकराम मध्ये पडले. "साहेब, याचा सर्व्हर नसते. म्हणून त्याले सर्व्हरलेस म्हणतेत."

हवालदारांनी वही मिटली. "नसलेली वस्तू मी जप्त कशी करू?" ते म्हणाले. "एक काम करा. जे काय हाय, ते बंद करा. माह्यासमोर."

धम्मानंदांनी लॅपटॉप व्हरांड्यात आणून उघडला. बंद करण्याची पायरी त्यांनी लिहिलीच नव्हती. चालू झालेलं युनिट बंद करायची वेळ पहिल्याच दिवशी येईल, असं कोणाला वाटतं? दीक्षाने फोनवर एक ओळ सांगितली. ढगातलं काम उचलून फेकून देणारी ओळ. ती त्यांनी घाईत "साफ"च्या खाली लिहिली, "साफ" चालवलं, आणि हवालदारांना रिकामा पडदा दाखवला. हवालदार समाधानाने गेले. ती ओळ मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी धम्मानंदांनी चारही घरी जाऊन माफी मागितली. शोभाताई आधी ऐकेनात, मग कौसल्याचं नाव निघाल्यावर पदराने डोळे टिपत तक्रार मागे घ्यायला निघाल्या. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांनी नवा नंबर टाकून दिला. नाव दिलं, "मिस्ड कॉल यंत्र".

पार्वतीबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे काय लिहिलं?" धम्मानंदांनी वाचून दाखवलं. "मले हे नाई चालत. तुहं नाव टाक."

"पन बाई, मी नाई लावत फोन. आपोआप लागते. मी घरी नसलो, बिमार असलो, तरी लागनार. तेच तर त्याचं कौतुक हाय."

"हाव, हाव. तू आपलं नाव टाक." त्यांनी टाकलं. बाईंनी त्यांच्या हातात भिवापुरी मिरच्यांच्या ठेच्याची बाटली दिली आणि विषय संपला.

मग सगळं सुरळीत झालं. घड्याळ दुरुस्त झालं, न उचलण्याला यश म्हणायला यंत्र शिकलं. रोज साडेसहाला चार घरी दोन दोन रिंगा जात. सातपर्यंत ज्याची परतीची रिंग आली नसेल, त्याचं नाव धम्मानंदांच्या फोनवर उमटे. चार महिन्यांत असं एकदाच झालं. नत्थूजींचं नाव दिसताच धम्मानंद बनियनवरच पळत सुटले. नत्थूजी अंगणात तर्री-पोहे खात बसले होते. फोन चार्ज करायला विसरले होते. "बसा," ते म्हणाले, "एक प्लेट खाऊन जा." धम्मानंद नाही म्हणाले, घरी आले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "खोटा अलार्म."

हे रजिस्टर पुढे पुढे फार नीटस झालं. "६.३०, चारही हजर, सर्व सामान्य." रोज तेच. कौसल्याचं काम आता कुणाच्याही आठवणीवर, झोपेवर, नजरेवर अवलंबून नव्हतं. शालिकरामांकडे चहाला गेले की ते अभिमानाने सांगत, "आता मी नसलो तरी चालते बघा." शालिकराम मान डोलवत. हळूहळू चहाला जाणंही कमी झालं. जायचं कशाला? सगळे ठीक आहेत हे साडेसहालाच कळलेलं असे. दीक्षाचा फोन आला की ते म्हणत, "चारही हजर." ती विचारी, "तुम्ही कसे आहात?" ते म्हणत, "सर्व सामान्य." कधी कधी दिवसभरात त्यांनी उच्चारलेले शब्द एवढेच असत, आणि संध्याकाळी घसा खाकरून पाहावा लागे. एवढं सगळं नीट चाललेलं असताना रात्रीचं जेवण का जात नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

अशोक विजयादशमी जवळ आली. गावोगावचे लोक नागपुरात उतरायला लागले, घराघरात पाहुण्यांची तयारी आणि साफसफाई सुरू झाली. धम्मानंदांकडे यंदा कोणी येणार नव्हतं. पाहुण्यांना बोलवायची ती कौसल्या. तरी त्यांनी जाळी काढली, पंखे पुसले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी पुसल्या, तिच्या साड्या असलेली कपाटाची बाजू उघडून तशीच बंद केली. दुपारी लॅपटॉप पुसला. बाहेरून पुसला तसा आतूनही पुसावा, म्हणून मेकला सांगितलं, "साफ". पडद्यावर दोन ओळी भराभर पळाल्या. घर स्वच्छ झालं.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजून गेले तेव्हा ते बाथरूममध्ये होते. गिझर, नळ, बादली, आणि अंगाला साबण. फाटक वाजलं ते त्यांना ऐकू आलं नाही. हाका ऐकू आल्या नाहीत. दारावर पडलेले धक्के ऐकू आले तेव्हा त्यांना वाटलं शेजारी कोणी खिळा ठोकत असेल, सणाचे दिवस. मग एक मोठा कडाड आवाज झाला आणि घरात पावलं शिरली. धम्मानंद टॉवेल गुंडाळून, केसांत फेस, एका डोळ्यात साबण, असे बाहेर आले.

समोर नत्थूजी होते, हातात गाडीचा जॅक. दाराची कडी त्यांच्या पायाशी पडलेली. शोभाताईंनी तोंडावर पदर धरलेला. भैय्याजी शालिकरामांच्या खांद्याला धरून उभे. खिडकीला शिडी लागलेली आणि शिडीवर शेजारचा कोणीतरी. अर्धा ले-आउट अंगणात. अंगावर एका टॉवेलाशिवाय काही नसलेल्या माणसाने एवढ्या लोकांसमोर प्रतिष्ठा कशी सांभाळायची, याची पायरी कुठल्याच यादीत नसते. धम्मानंदांनी टॉवेलची गाठ घट्ट केली आणि विचारलं, "काय झालं? कोन गेलं?"

कोणी हसलं नाही. पार्वतीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या रडत होत्या, लहान पोर रडतं तसं, आवाज न आवरता.

"फोन नाई वाजला गा," त्या म्हणाल्या. "तवाबी असाच नाई वाजला."

धम्मानंदांच्या मनात चक्र फिरलं: साफ, हवालदार, ती ओळ. "अरे, ते माह्या हातून पुसलं गेलं. काल. यंत्रच पुसलं गेलं. मले काई नाई झालं. तुमी काहून घाबरले? तुमच्यासाठी हाय ना ते? तुमी ठीक हाय का पाहासाठी."

"आमच्यासाठी?" पार्वतीबाईंनी डोळे पुसले, फोन पुढे केला. पडद्यावर रोजची यादी होती, एकाखाली एक. धम्मानंद, धम्मानंद, धम्मानंद. "सकाळी वाजला का मी म्हनत होती, चला, धम्मानंद उठला. कौसल्याच्या मागं एकटा हाय, पन उठला. मंग मी चुलीकडं जात होती."

"आमी तिघंबी तेच," नत्थूजी खाली पाहत म्हणाले. "तुमी कोनाकडं येत नव्हते, बोलत नव्हते. म्हटलं, फोन तर येते ना. माणूस हाय."

धम्मानंद खोटं बोलणारे नव्हते. साबण डोळ्यात झोंबत होता. ते म्हणाले, "पन बाई, ते तर मी नसलो तरी वाजलं असतं. मी सांगतलं होतं ना."

"म्हंजे? तू मेला असता तरी?"

"हाव."

"किती दिवस?"

सवयीने त्यांनी मनात हिशेब केला. सगळं नीट असलं, कोणी "साफ" केलं नाही, तर. "वर्षभर तरी," ते म्हणाले.

पार्वतीबाईंनी फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मंग चार महिने आमी काय ऐकून राहिलो होतो गा?"

धम्मानंद टॉवेलावर तसेच खाली, उंबऱ्यात, बाईंच्या शेजारी बसले. एप्रिलपासून जे कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघालं. "बाई, मी पेपर वाचत होतो. ती आत गेलेली, आन् मी चहाची वाट पाहत होतो. मले नाई समजलं. तुमाले समजलं, मले नाई."

"मले बी नसतं समजलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी काय देव हाय? फोन नाई वाजला म्हनून समजलं. तुले कोन फोन लावत होतं, सांग? कोनीच नाई." मग त्यांनी हात पुढे केला. "तिची वही आन."

शालिकरामांनी आत जाऊन वही आणली. पार्वतीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं ते पहिल्या, रेघ मारलेल्या ओळीवर. "हे काय खोडलं?"

"माहं नाव. घरी आलो म्हनून खोडलं तिनं."

"लिही परत."

धम्मानंदांनी त्याच उंबऱ्यात, भैय्याजींच्या नावाखाली, सहाव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर ओलं झालं. समास सुटला नाही, पण शालिकराम काही बोलले नाहीत. शोभाताईंनी आत जाऊन सगळ्यांचा चहा टाकला, आणि नत्थूजी कडी बसवायला लागले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला धम्मानंद वही घेऊन स्वयंपाकघरात बसले. लॅपटॉप बंद होता. त्यांनी स्वतःच्या बोटाने पार्वतीबाईंना दोन रिंगा दिल्या, मग नत्थूजींना, शोभाताईंना, भैय्याजींना. चारही परतीच्या रिंगा आल्या. मग ते वाट पाहत बसले. सहा पस्तीसला फोन वाजला. पार्वतीबाई. बोट हिरव्या खुणेकडे गेलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं. उचलायचा नसतो. दोन रिंगा झाल्या आणि फोन थांबला.

परतीच्या दोन रिंगा देताना त्यांना मौद्याची पहाट आठवली, बॉयलरची घरघर, आणि पलीकडे फोन कापून निश्चिंत होणारी कौसल्या. ते रडले. बऱ्याच वेळाने उठले, फ्रिजवरचं रजिस्टर काढलं आणि नोंद केली: "सकाळी ६.३७. धम्मानंद गजभिये, हयात." शेवटचा रकाना एप्रिलपासून कोरा होता. चार्ज घेणाऱ्याचं नाव म्हणून तिथे त्यांनी लिहिलं, पार्वतीबाई, आणि अंगठ्यासाठी जागा सोडून, रजिस्टर बगलेत मारून ते त्यांच्या घराकडे निघाले.